आमचा कट्टा पुण्याला जोडला तेव्हा

मला त्या पुण्याच्या बाईचा राग यायचा. यायचा काय, अजून येतो, खोटं कशाला बोलू? तिनं माझं काही वाईट केलेलं नाही. कधी उलटून बोलली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी कंबर कसून तयारच होते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. बिलं करायला म्हणून नवऱ्यानं कॉम्प्युटर घेतला, आणि त्याच्यावर त्याला बिल काही करता येईना, म्हणून मी दुकानात बसायला लागले. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. नवरा घरी जाऊन, जेवून आडवा व्हायचा आणि मी इंटरनेटवर. तिथं मला मराठी माणसांची एक साइट सापडली. जगभरची माणसं तिथं मराठीत लिहायची, वाद घालायची, लोणच्याचं प्रमाण विचारायची. एकेका गावाचा एकेक कट्टा होता. कट्टा म्हणजे एक लांबलचक पान. एकानं काहीतरी लिहायचं, दुसऱ्यानं त्याच्याखाली लिहायचं, बस्स. कोल्हापूरचाही होता.

आमच्या कट्ट्यावर माणसं मोजकी. साखर कारखान्यातनं रिटायर झालेले बिद्रीकडचे एक काका, बंगळूरला नोकरी करणारा शाहूवाडीचा एक इंजिनिअर, अधनंमधनं डोकावणारे दोघं-तिघं, आणि ती. ती मेलबर्नला. माझी दुपार ती तिची संध्याकाळ. ती तिकडं कणीक मळता मळता लिहायची, मी इकडं बिलं फाडता फाडता. माझं माहेर कुरुंदवाड, आमच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. तिनं मला एकदा अक्का म्हटलं आणि मग सगळ्या कट्ट्याचीच मी अक्का झाले. पण तिच्या तोंडचं अक्का वेगळं, असं मी आपलं धरून चालले होते.

खरं नाव, पत्ता, फोन नंबर तेव्हा कुणी कुणाला देत नव्हतं. नवऱ्याचा तर दमच होता, "कोन कुठलं, काय म्हाईत न्हाई. दुकानाचं नाव सांगशील बघ." तिचीही तीच रीत. तिची आई कोल्हापुरात एकटी असते एवढं मला ठाऊक होतं. कुठल्या गल्लीत, ते मी विचारलं नाही. पण साइटवर प्रत्येकाला निरोपाची एक पेटी असायची, तिच्यात ती मला सगळं लिहायची. सासूचं बोलणं, मूल होत नाही त्याचं दुखणं, सगळं. मीही लिहायचे. सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाही ते तिला सांगितलं. आणि ती माझी एकटीची होती. हे वाक्य खुळेपणाचं आहे, पण तसंच होतं.

एका दुपारी साइट उघडली तर ओळखू येईना. जुनी पिवळसर पानं गेली, सगळं पांढरंफेक आणि निळं. अक्षर एवढं बारीक की चष्मा पुसून बघितला. मराठी लिहायची पद्धत बदललेली, ळ काही केल्या उमटेना. गुळाचं आमचं गाव आणि मी लिहितेय 'गूल'. वर सूचना होती, 'सदस्यांच्या सोयीसाठी साइटला नवे रूप दिले आहे.' साइट चालवणारी मंडळी अमेरिकेत. कोणत्या सदस्यानं ह्यांच्याकडं सोय मागितली होती, देव जाणे! आणि मग मी आमचा कट्टा शोधायला लागले तर कट्टाच नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे सगळं एकात घालून वर पाटी लावलेली: 'पश्चिम महाराष्ट्र'. नाव पश्चिम महाराष्ट्राचं, माणसं बघावीत तर सगळी पुण्याची. आमची पाच-सहा डोकी त्या गर्दीत दिसेनातही.

तळपायाची आग मस्तकात गेली. काकांनी लिहिलं, "आमास्नी पुण्याच्या हाताखाली घातलं व्हय?" इंजिनिअरनं चालकांना लांबलचक पत्र पाठवलं, उत्तर आलं की थोड्या दिवसांत सवय होईल. साताऱ्याची, सांगलीची माणसंही कुरकुरत होती. सगळ्यात जास्त ओरडत होते मी. सगळ्यांना वाटलं, अक्काला कोल्हापूरचा केवढा अभिमान! अभिमान होता की. पण माझं दुखणं दुसरंच होतं.

झालं असं की तिनं नव्या पानावर विचारलं, मेलबर्नच्या थंडीत कांदा-लसूण चटणी सादळते, काय करू? आमच्याकडं लाल मसाल्याला चटणीच म्हणतात. असले प्रश्न आजवर मला असायचे. मी बिल टाकून उत्तर लिहायला घेतलं, ळ आणि ण शोधेपर्यंत पुण्याच्या त्या बाईचं उत्तर आलंसुद्धा. फोटोंसकट! डबा, बरणी, चमचा, सगळ्याचे फोटो. आणि शेवटी लिहिलेलं, 'मसाल्यात चिमूटभर साखर घालून बघा, चव खुलते.' शिवा शिवा! चटणीत साखर! मला वाटलं, आता ही पुणेवालीला चांगली फैलावर घेणार. तर हिनं लिहिलं काय, "ताई, किती छान कल्पना! नक्की करून बघते."

बघते! आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतो. इथं छापायचं म्हणून मी नीटनेटकं लिहितेय, एरवी माझं बोलणंही तसंच. तीही कट्ट्यावर कायम 'अक्का, मी आता जातो' असं लिहायची. पुण्याच्या बाईनं कधीतरी प्रेमानं विचारलं असणार, तुम्ही असं का हो बोलता म्हणून. झालं, महिन्याभरात ही 'जाते, येते' करायला लागली. बारीक गोष्ट आहे. पण मला ती अशी झोंबली की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला मी तीन एचपीच्या मोटारीचं बिल पाचच्या नावानं दिलं.

नव्या साइटवर आणखी एक सोय होती. कोण हजर आहे ते नावापुढं हिरव्या ठिपक्यानं दिसायचं. जुन्या साइटवर कळायचं नाही आणि तेच बरं होतं. ती लिहीत नसली तर मी समजायचे, कामात असेल. आता दिसायचं की ती आहे, ठिपका जळतोय, आणि मला काही लिहीत नाही. खाली पुण्याच्या बाईच्या नावापुढंही ठिपका. दोघी एकदम हजर, दोघी एकदम गप्प, म्हणजे निरोपाच्या पेटीत काय चाललं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. मी ते दोन ठिपके बघत बसायचे. नवरा म्हणाला, "काय गं, कुनाचं मरान बघत्यास?"

मग मीच बंदची कल्पना काढली. कोल्हापूरला एखादी गोष्ट पटली नाही की पहिल्यांदा कृती समिती निघते आणि मग गाव बंद. आम्ही दुसरं काय करणार? मी लिहिलं, "कोल्हापूरचा कट्टा वेगळा मिळेपर्यंत एकाही कोल्हापूरकरानं इथं एक अक्षर लिहायचं नाही. कडकडीत बंद." काकांनी पाठिंबा दिला. इंजिनिअरनं दिला. तिनं लिहिलं, "अगं अक्का, एवढं कशाला? मला तर बरं वाटतंय. किती नवी माणसं भेटली."

नवी माणसं! मी पेटीत तिला चार ओळी लिहिल्या. गाव विसरलीस का, असं काहीबाही. तासाभरानं उत्तर आलं, "बरं बाई, तू म्हणतेस तर मीपण बंद." मला असा आनंद झाला की संध्याकाळी मी नवऱ्याला रंकाळ्यावर भेळ खायला घेऊन गेले. कट्टा मिळो न मिळो, तिनं माझं ऐकलं होतं आणि पुण्याची बाई एकटी पडली होती.

दोन दिवस तिनं बंद पाळला. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर हिरवा ठिपका, आणि पुण्याच्या बाईच्या लिखाणाखाली हिचं हसू. फक्त हसण्याचं एक चित्र, अक्षर एकही नाही. नियमाप्रमाणं बंद मोडला नव्हता. पण माझं डोकं सणकलं. मनात म्हटलं, जा, त्या पुणेवालीच्याच गळ्यात पड. कॉम्प्युटर बंद केला आणि शपथ घेतली की आता साइटचं तोंड बघायचं नाही. ती येऊ दे विचारत, अक्का कुठं गेली म्हणून. विचारील, शोधील, रडकुंडीला येईल, मग बघू. दुपारी मी गल्ल्यावर बसून शेंगा खात होते आणि मनातल्या मनात तिची क्षमा मागणारी पत्रं वाचत होते.

शपथ मी चांगली पाळली. आठवडा गेला असेल. एक दिवस बिद्रीचे काका जिलेबीचा पुडा घेऊन दुकानाच्या दारात उभे. ते एकटेच आमचं दुकान ओळखायचे, मोटार घ्यायला आलते तेव्हा बोलता बोलता उलगडा झालता. मोठ्यांदा म्हणाले, "अक्का, जितलो! नमलं की अमेरिकावालं! आपला कट्टा दिला परत. काल सांजच्याला नातवानं दावलं. नाद न्हाई करायचा कोल्हापूरचा!" मी जिलेबी तोंडात टाकली, हात पुसले आणि साइट उघडली. खरंच होतं. वेगळं पान, वर नुसतं 'कोल्हापूर'. काका मागं उभं राहून वाचत होते, खूश होते. पानावर अजून कुणी काही लिहिलं नव्हतं. मी तिला शोधायला त्या दुसऱ्या पानावर गेले.

तिनं सहा दिवसांपूर्वी लिहिलेलं होतं. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शेजाऱ्यांनी राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलंय, पण त्यांना थांबता येत नाही, मला आठवड्याच्या आत तिकीट मिळत नाही. आणि खाली आईचं नाव, दवाखान्याचा पत्ता, फोन, सगळं उघड्यावर लिहिलेलं. "कोल्हापुरात कुणी आहे का? अक्का, आहेस का?" त्याच्याखाली पुन्हा तिचंच, "अक्का, पेटीतपण लिहिलंय. बघ ना गं." त्याच्याखाली आणखी एकदा, नुसतं, "अक्का?" कोल्हापूरचं कुणीच लिहिलं नव्हतं. कडकडीत बंद. आणि मग पुण्याच्या बाईची एक ओळ, "काळजी करू नकोस. मी निघते आहे, दुपारपर्यंत पोचते."

मला आधी काय वाटलं सांगू? त्या म्हाताऱ्या आईचं वाईट वाटायच्या आधी माझी जळजळ झाली. ही गेली! पुण्याहून एसटीनं येऊन माझ्या गावात, माझ्या मैत्रिणीच्या आईजवळ जाऊन बसली! वाईट त्याच्यानंतर वाटलं, आणि ते वाटायला लागलं तेव्हा मी ते नुसतं 'अक्का?' परत परत वाचत बसले. काका विचारत होते, "काय झालं अक्का? कोन गेलं काय?"

घरी जाऊन मऊ भात आणि मुगाचं वरण केलं, डबा भरला. शाहूपुरीतल्या आमच्या घरापासनं तो दवाखाना स्कूटरवर दहा मिनिटं. वाटेत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, पुण्याच्या बाईशी. दवाखान्याचा जिना चढले, खोलीचं दार ढकललं. मी एक झुळझुळीत, ओठ रंगवलेली बाई कल्पनेत धरली होती. खुरटी, चुरगळलेल्या ड्रेसातली, डोळे ओढलेली एक बाई कॉटजवळ स्टुलावर बसून म्हातारीची वेणी घालत होती. मला बघून उठली, दारापाशी आली. हातातल्या डब्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही अक्का ना? ती रोज फोनवर विचारते तुमचं. बऱ्या आहात ना? आम्हाला वाटलं, तुम्हालाच काही झालं की काय." टोमणा नव्हता. मी नीट बघितलं तिच्या तोंडाकडं, टोमणा असता तर मला सापडला असता. "उद्या सकाळी पोचतेय ती," म्हणाली.

आत आईनं मान वळवली. "कोन आलंय गं?"

"साइटवरच्या आहेत, काकू. तुम्हाला बघायला आल्यात."

"या, या की. बसा." म्हातारीनं माझा हात धरला. हात गरम होता, धरल्यावर सोडीना. "लांबनं आलासा. तुमीबी पुण्यासनंच काय?"

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, न्हाई काकू, मी हितलीच, शाहूपुरीतली, ती अक्का मीच. सगळं जिभेवर होतं. पुण्याची बाई मागं उभी होती, ऐकत होती.

"व्हय," म्हटलं. "पुण्यासनंच."

पुण्याच्या बाईनं माझ्या हातातला डबा घेतला आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"तरीच," म्हातारी म्हणाली आणि माझ्या हातावर थोपटायला लागली. "पुण्याची मानसं लई मायेची बघा. हितली एक मैत्रीन हाय म्हनं पोरीची, अक्का का कोन. ती काय फिरकली न्हाई."