आत्या विरुद्ध आम्ही

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘विधी विभाग प्रमुख’ असं छापलेलं आहे. विभागात माणसं तीन. एक मी, दुसरे कोर्टातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले अण्णा आणि तिसरी नुकतीच सनद मिळालेली एक मुलगी, जिला चहा गार आला तरी त्यात मूलभूत हक्कांवर गदा दिसते. कपडे, किराणा, भांडी, मिक्सर असं सगळं एका छताखाली विकणारी आमची कंपनी. मुख्य कचेरी नगरला आणि तालुक्याच्या गावांना दुकानं. आमच्या खोलीच्या एका अंगाला स्वच्छतागृह आणि दुसऱ्या अंगाला परत आलेल्या मालाचं गोडाऊन. कंपनीत वकिलांची जागा कुठे, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

एका सोमवारी अण्णांनी ग्राहक आयोगाचा लिफाफा माझ्यापुढे ठेवला.

“मॅडम, आपल्या अकोले तालुक्याच्या दुकानाची केस. कुकर.”

“काय झालं कुकरला?”

“शिट्टी होत नाही.”

तक्रार हाताने लिहिलेली होती. गोल, टपोरं अक्षर, एकही खाडाखोड नाही. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘कुकर मुका निघाला हे मी सोसले असते. परंतु मॅनेजर बोलका निघाला.’ कुकर बदलून मागायला गेलेल्या या बाईंना आमचा मॅनेजर म्हणाला होता, “आजी, वाचता येत नाही का? पाटीवर काय लिहिलंय बघा की.”

मी खो खो हसले. असली तक्रार वकिलांना लिहिता येत नाही. मग खालची सही पाहिली आणि हसू जागच्या जागी थिजलं. तक्रारदार माझी सख्खी आत्या होती.

आत्याने तीस वर्षं अंगणवाडी चालवली. तिच्या गावात चाळिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचं नाक तिने पुसलंय आणि पाटीवर पहिला ‘ग’ त्याचा हात धरून काढून घेतलाय. त्या बाईला वाचता येतं का म्हणून विचारणारा मॅनेजर आम्ही शोधून नेमला होता.

मी शेठकडे गेले. “शेठ, ही केस माझ्याकडे नको. तक्रारदार माझी आत्या आहे.”

शेठचा चेहरा खुलला. “अरे वा! मग घरचंच झालं. रविवारी जा, जेवा, मिटवून या.”

“शेठ, याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात.”

“आमच्यात याला नातं म्हणतात.”

आमच्या ज्युनिअरला हे अजिबात पटलं नाही. हे व्यावसायिक नीतिमत्तेत बसत नाही, असं तिने मला उभ्याने ऐकवलं. मी म्हटलं, “आत्याकडे इंद्रायणीचा भात असतो. येतेस?” तिने क्षणभर विचार केला. “येणार नाही,” ती म्हणाली, “पण डबा आणा.”

रविवारी एसटीने संगमनेरमार्गे अकोले आणि पुढे जीपने आत्याचं गाव. आत्या दारातच होती. मला बघून हसली नाही की रागावली नाही.

“कंपनीकडनं आलीस का घरनं?”

“दोन्हीकडनं.”

“मग एकच चप्पल काढ.”

मी दोन्ही काढल्या. भात पातेल्यात रटरटत होता. ताटावर बसल्यावर मी विषय काढला. “आत्या, नवा कुकर उद्याच्या उद्या घरपोच देते. केस मागे घे.”

“कुकरचं काय न्हाई गं. मी पातेल्यात भात करती, लई चांगला हुतो.” तिने मला वाढलं आणि वरणाची वाटी पुढे सरकवली. मग म्हणाली, “दुकान गिऱ्हाइकानं भरलेलं हुतं. समद्यांसमोर त्यो म्हनला, वाचता येत न्हाई का. आन् हसला. मला बोलायलाच सुचंना. तशीच मागं फिरले बघ.”

माझ्या आत्याला बोलायला सुचलं नाही, हे मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. पण माझ्यातल्या वकिलाला जेवतानाही गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, “तू म्हणतेस ते खरंच असणार गं. पण पुरावा काय?”

तिने कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि फोटो दाखवला. दुकानातली पाटी होती. ‘विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.’ आणि पाटीखाली, लॅमिनेशन करून, चार खिळे ठोकून लावलेला एक कागद.

“मोठं करून बघ.”

मी बोटांनी फोटो मोठा केला. ते माझंच परिपत्रक होतं. सदोष माल परत घेणार नाही अशी पाटी लावणं बेकायदेशीर आहे, ती ताबडतोब काढा, असं मी वर्षभरापूर्वी सगळ्या दुकानांना कळवलं होतं. म्हणजे तसं कळवलं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी लिहिलं होतं, ‘उपरोक्त विषयास अनुसरून व तद्अनुषंगाने सूचित करण्यात येते की, सदर आशयाचा फलक प्रदर्शित करणे...’ आणि तिथून पुढे सात ओळी. मॅनेजरने ‘फलक प्रदर्शित करणे’पर्यंत वाचलं असावं. हेड ऑफिसचा शिक्का बघून त्याने तो इमानेइतबारे प्रदर्शित केला होता.

“खाली तुझीच सही हाय की,” आत्या म्हणाली. “त्याला वाचता येतं म्हनं. मग हे का न्हाई वाचलं?”

हाच फोटो तक्रारीसोबतच्या झेरॉक्समध्ये नुसता काळा डाग होऊन आला होता. फाईलवर मी शेरा मारला होता, ‘पुरावा अवाचनीय’. शेरा तसा बरोबरच होता म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं, “आपण हरणार.”

“कशावरून?”

“माझ्या सहीवरून.”

तारखेला आयोगापुढे कंपनीतर्फे अण्णा उभे राहिले. मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसले. आत्याने वकील दिलाच नव्हता. अध्यक्षांनी तिला विचारलं, तुमची मागणी काय?

“मला दुसरा कुकर द्या. ती पाटी काढा. आन् त्या मॅनेजरनं ते पत्रक दुकानात मोठ्यानं वाचायचं.” मग मान वळवून तिने मला बरोबर हुडकलं. “जिनं लिवलं तिनंबी.”

शेवटची अट आयोगाच्या आदेशात बसेना. तेव्हा आमच्या अण्णांनी ती तडजोडपत्रात स्वतःच्या हाताने लिहिली. नोकरीच्या उभ्या काळात त्यांनी इतक्या आनंदाने काही लिहिलं नसेल.

ठरल्या दिवशी आम्ही अकोल्याच्या दुकानात उभे राहिलो. बाजाराचा दिवस होता. मॅनेजर पन्नाशीचा, पोट सुटलेला, घामाने भिजलेला. तो ‘तद्अनुषंगाने’ला अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि पुन्हा तिथेच अडखळला. शेवटी कागद खाली करून म्हणाला, “आजी, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं.”

“आजी न्हाई. बाई म्हन. समदं गाव बाईच म्हनतं.”

“चुकलं, बाई.”

मग मी वाचायला घेतलं. कोर्टात तासन्‌तास बोललेली बाई मी, आणि माझ्याच वाक्यात पाचव्या ओळीला मला धाप लागली. पूर्णविराम कुठे दिसेना. कसंबसं शेवटाला पोहोचले, तर साखरेची पिशवी काखोटीला मारून उभी असलेली एक बाई म्हणाली, “मंग माल परत घेत्यात का न्हाई?”

“खराब असला तर घेतात.”

“मंग यवढंच लिवायचं की.”

मॅनेजरला पाटीचे खिळे उपसता येईनात, तेव्हा आत्याने खालून स्टूल तेवढं धरलं.

आठवड्याभरात नवं परिपत्रक गेलं. ‘खराब माल परत घ्या. गिऱ्हाइकाशी नीट बोला.’ यात एकही कलम नाही, अशी आमच्या ज्युनिअरने लेखी हरकत घेतली. शेठ म्हणाले, एवढं लिहायला तीन माणसं लागतात का? पण जिल्ह्यातल्या सगळ्या पाट्या उतरल्या.

आता दर रविवारी मी आत्याला फोन करते आणि आठवड्याचे मसुदे वाचून दाखवते. शेठला हे ठाऊक नाही, आणि वकिलीच्या नियमांत बसत नसणार याची मला खात्री आहे. गेल्या रविवारी भाडेकरार वाचत होते. तिने चार ठिकाणचा ‘सदर’ काढायला लावला आणि अगदी मनापासून म्हणाली, “आन् ह्या कामाला तुला लोकं मॅडम म्हनत्यात?”