चिंधूचं बी

दिघोरीत चिंधूच्या धानाच्या बियाला तोड नव्हती. ज्या घरांना एकेकाळी त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तीच घरं पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, टाकायला त्याच्याकडून बी नेत. चिंधूला त्याचा ताठा होता, आणि का नसावा? त्यात १९७८ साली त्याची लेक सत्यभामा भंडाऱ्याच्या बीज प्रयोगशाळेत लागली. मग तर गड्याला स्वर्ग दोन बोटंच उरला.

पुढच्या उन्हाळ्यात तो आपलं बी घेऊन एसटीने तिच्याकडे आला. शंका म्हणून नव्हे, लेकीचं काम पाहायला.

"तपास मायं बी. लोकाइले सांगाले होते."

रात्रभर भिजलेले दाणे सत्यभामाने सकाळी अंकुरापाशी चिरले आणि टेट्राझोलियम नावाच्या रसायनात टाकले. ते दिसायला निव्वळ पाणी; उजेडाने नासतं म्हणून बाटली काळ्या कागदात. अंकुर जिवंत असेल तर त्यातली एन्झाइम्स त्या पाण्याचा लाल रंग करतात आणि अंकुर रंगतो. मेलेला पांढराच राहतो.

दुपारी तिने बश्या काढल्या. सोबतच तपासलेल्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या बियाचे अंकुर लालचुटूक होते. बापाचे जवळपास सगळे पांढरे.

"दवा शिळी असंल," चिंधू म्हणाला.

"दोन्ही बश्यांत एकाच बाटलीतली आहे, बा. बी कशात ठेवलं होतं?"

तिनेच पहिल्या पगारातून घेऊन दिलेल्या पत्र्याच्या कोठीत. नेहमीची बांबूची हवेशीर ढोली सोडून त्याने पुरतं न सुकलेलं धान कोठीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि चार लोकांनी पाहावं म्हणून भर उन्हाळ्यात ती पत्र्याच्या पडवीत ठेवली. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे ते पुरेपूर मोजलं गेलं. ओल आणि ताप कोंडून बी आतल्या आत मेलं होतं.

सत्यभामाला रडू आवरेना. गाव बियासाठी थांबलं होतं. बाप गप्प राहिला तर गावाचे पऱ्हे उगवणार नव्हते. बोलला तर त्याने जन्मभर राखलेलं नाव जाणार होतं. तो पिशवी उचलून बसस्टँडकडे निघाला. तिला राहवेना, तीही बसमध्ये चढली.

गावात पोचताच चिंधू चावडीसमोर उभा राहिला.

"यंदा माह्याकडून बी नेऊ नका. मेलं आहे. माह्या पोरीनं तपासलं."

गावचे मोठे शेतकरी पुंडलिकराव हसले. "घरच्याच पोरीनं नाव बुडवलं काय रे चिंध्या? बापासाठी चांगलं सांगाले काय झालं होतं तिले?"

"आज बापासाठी खोटं बोलली असती, तं उद्या तुमच्या बियाचं खरं कोन सांगंल?"

सत्यभामाची छाती अभिमानाने भरून आली. असा बाप आपल्या वाट्याला आला, एवढंच तिच्या मनात होतं.

सकाळी ती परतीच्या एसटीत बसली, तर मागच्या बाकावर पुंडलिकराव पिशवीभर धान घेऊन बसलेले.

"मॅडम," ते पुढे वाकून म्हणाले, "मायंही पायता काय?"