ठमाबाईची आठची गाडी

ठाणं आणि कल्याण यांच्यामधल्या खाडीकाठी रेल्वेने एक लहानसं स्टेशन बांधलं, ते मिठागरांसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी. मातीचा फलाट, एक कौलारू खोली आणि एक घंटा. सकाळी भट्टीवरची माणसं उतरत आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरी होऊन परत चढत. कोळीवाड्यातलं कुणी तिकडे फिरकत नसे. त्यांचा रस्ता पाण्याचा.

ठमाबाईचा नवरा विठ्ठल श्रावणात तापाने गेला. मागे उरलं ते खाडीतलं जाळं, आणि ते बांधायचे चार खुंटे. खुंट्यांची जागा सासऱ्यापासून चालत आलेली. पण वाड्याचा दंडक असा होता, की जाळ्यातली मासळी जो बाजाराला नेईल त्याचीच जागा. विठ्ठल होडीने कल्याणला नेत असे. आता होडी धाकट्या दिराच्या, राघोच्या ताब्यात होती आणि राघोला खुंटेही हवे होते.

"वैनी, होडी वल्हवनार कोन? तू?" त्याने पंचांसमोर विचारलं.

"होडी तुलाच ऱ्हाऊ दे. मी गारीने जाईन."

पंच हसले. पण विठ्ठलची आठवण ताजी होती, म्हणून थोरल्या पंचाने अट घातली. दिवाळीच्या पाडव्याच्या आत सलग पंधरा दिवस कल्याणच्या बाजारात तिची पाटी लागली पाहिजे. पहिली पाटी लागल्यावर एक दिवस जरी चुकला तर खुंटे राघोचे.

गाडी सकाळी आठची. वाड्याला आठ कळत ते मिठाच्या चौकीवरच्या टोल्यांनी. पहिल्या दिवशी टोले पडायच्या आत ठमाबाई फलाटावर उभी राहिली. फलाट रिकामा. कोळशाच्या धुराचा वास तेवढा उरला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती आणखी लवकर निघाली, तरी गाडी गेलेलीच.

"वैनी, गारी तुला बघून पलते का गं?" राघो धक्क्यावरून ओरडला आणि होडीतले सगळे खिदळले.

चौथ्या दिवशीही गाडी चुकली. मग मात्र ती घरी फिरली नाही. तिने पाटी थेट स्टेशनमास्तरच्या दारात टेकवली. त्र्यंबकराव पुण्याकडचे. त्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"मास्तर, आठ वाजायचेत अजून. गारी रोज आधीच का सोडता?"

"आधी? अहो बाई, बरोब्बर आठला सुटली." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. ते साडेआठ दाखवत होतं. तेवढ्यात चौकीवर आठ टोले पडले.

"चौकी इथल्या सूर्यावर चालते," त्र्यंबकराव म्हणाले. "रेल्वेचं घड्याळ मद्रासवर. तिथे सूर्य आपल्यापेक्षा घटकाभर, अर्धा तास म्हणा, आधी उगवतो."

"तो मद्रासला उगवतो, आनि मासली माझी नासते."

"मी काय करू? मलाही हल्ली घटकाभर आधीच भूक लागते." ते इतकं खरं बोलले, की श्रावणानंतर ठमाबाई पहिल्यांदा हसली.

घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली. घटकेचा हिशोब सोपा होता. अवघड होतं पाणी. ओहोटी सरली की जाळं उचलायचं, ही रीत. आणि ओहोटी रोज दोन घटका उशिरा सरते. गाडी मात्र आपल्या जागी खिळलेली. पाणी तिच्यासाठी थांबणार नव्हतं, गाडीही नाही. दोघांच्या मध्ये जेवढी फट होती तेवढ्यातूनच जायचं होतं. पाडव्याआधीचा शेवटचा पंधरवडा तिने निवडला. दुसरा उरलाच नव्हता.

आश्विन वद्य प्रतिपदा. ओहोटी सरणार गाडीच्याच वेळेला. उजाडताच ती भाऊ पंढरीला घेऊन खाडीत उतरली.

"जालं उचल."

"अक्का, पानी जोरात व्हातंय अजून. अर्धी मासली जाईल. जालं फाटेल."

"अर्धी तर अर्धी. फाटलेलं शिवता येतं. उचल रे."

पाणी छातीला ढकलत होतं. दोराने तळहात सोलले. एक कोपरा फाटला आणि त्यातून बोईटं सुळकन निसटली. पाटीत निम्मी कोळंबी आली. ठमाबाई तशीच चिखलाच्या पायांनी धावली. घंटा झाली तेव्हा ती फलाटावर होती. डब्यातल्या माणसांनी नाकं मुरडली आणि सरकून जागा दिली.

दुसऱ्या दिवसापासून ओहोटी गाडीनंतर सरू लागली. आदल्या दिवशीची मासळी मऊ पडते, हे बाजारातली पोरंही ओळखत. ठमाबाईने तशी मासळी नेलीच नाही. आदल्या दिवशीच्या चिंबोऱ्या नांग्या बांधून ओल्या गोणपाटात नेल्या आणि चिखलात जगणाऱ्या निवट्या मडक्यातून. दोन्ही चिवट जात. कल्याणला पोचल्या तेव्हा वळवळत होत्या. पंचांची माणसं बाजारात येऊन रोज पाटी पाहून जात. असे सात-आठ दिवस निघाले. मग रात्रीची ओहोटी पहाटेकडे सरकली आणि ताजी मासळी पुन्हा गाडीत चढू लागली. एकदा तिला ताप भरला होता. अंगावर घोंगडी घेऊन ती गेली. अमावास्येला ओहोटी पुन्हा गाडीच्या वेळेला आली आणि पुन्हा धावावं लागलं. तो पंधरावा दिवस.

पंचांनी खुंटे तिच्या नावावर ठेवले. थोरला पंच एवढंच म्हणाला, "बाई हट्टी."

भाऊबीज झाल्यावर राघो दारात आला. पायाच्या अंगठ्याने त्याने जमीन उकरली.

"वैनी, होडी पोचेस्तवर तुझी मासली इकून जाते. माझी पन एक पाटी नेशील?"

ठमाबाई जाळ्याचा कोपरा शिवत होती. तिने मान वर केली नाही.

"नेईन. पन मी थांबनार नाय. उशीर केलास तर तुझी मासली तूच खा."