देवळाची घंटा आणि एक पीरियड

उज्जैनला तेव्हा घरोघरी केबल पोचली होती. ऑटिझम हा शब्द मात्र यायचा होता. आमच्या मुलीसाठी आम्ही तो इंदूरहून आणला. आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडवून मी तिला तिथल्या थेरपीच्या बाईंकडे नेत असे. शेवटी शाळेच्या मोठ्या मॅडमनी बोलावलं.

"देखिए साहब, या तो इंदौर, या स्कूल. वैसे भी बच्ची क्लास में बैठती कहाँ है?"

मी गयावया केली तेव्हा तोड निघाली. सोमवारी ती त्यांच्यासमोर अख्खा पीरियड बसली, तर दोन्ही चालू. नाहीतर शाळेतून नाव कमी.

इंदूरच्या बाईंची रीत साधी होती. काम झालं की टाळी वाजवायची आणि लगेच आवडीचा खाऊ द्यायचा. तो कधीच चुकवायचा नाही. पण मला टाळी मिळमिळीत वाटली. सुधारणा केल्याशिवाय राहवतंय थोडंच! देवघरातली घंटा उचलली. वाजेपर्यंत बसायचं, वाजली की चिमूटभर शेव. पोरगी अशी बसायला लागली की मी बायकोसमोर कॉलर ताठ करून फिरलो.

सोमवारी मी व्हरांड्यात, खिशात शेवेची पुडी. आत ती पाटीवर रेघा ओढतेय, मॅडम मागे उभ्या. अर्धा पीरियड गेला. माझा शर्ट पाठीला चिकटला. आणि शेजारच्या देवळात कोणीतरी घंटा बडवली.

ती उठली, सरळ माझ्यापुढे आली आणि हात पसरला.

मागोमाग मॅडम. "देख लिया?"

शाळेत खाणं बंद. पण शेव दिली नाही तर ती जमिनीवर डोकं आपटणार. मी दिली, आणि अडखळत घंटेची हकीकत सांगितली.

"उज्जैन में? घंटी?" मॅडम बघतच राहिल्या.

शेव संपवून पोरगी आपणहून जागेवर जाऊन बसली. मॅडम म्हणाल्या, "पीरियड पूरा होने दीजिए. आप बाहर जाइए."

मी देवळाकडे धावलो. घंटेखाली उभा राहून येईल त्याला हात जोडत होतो, "भैया, आज बिना बजाए!"

एक म्हातारी अडली. "क्यों, भगवान सो रहे हैं?"

"हाँ माताजी, अभी-अभी आँख लगी है."

तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं, पण हात खाली घेतला.

पीरियड संपला तशा मॅडम तिला घेऊन गेटपाशी आल्या. "बैठी रही. इंदौर भी ले जाइए."

मी पुडी सोडली आणि पहिली चिमूट मॅडमच्याच हातावर ठेवली.