देव्हाऱ्यात न बसलेला वीर

निवृत्त झाल्यावर फौजी आरामात घरी बसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाळूजच्या कारखान्यांच्या गेटवरून एक चक्कर मारावी. अर्धी पलटण तिथं उभी दिसेल. मी सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, बजाजनगरात दोन खोल्या घेतल्या आणि वर्ष सरायच्या आत एका कारखान्याच्या गेटवर शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहिलो. ते सगळे दुष्काळाचे दिवस होते. धरणाच्या पोटात माणसं चालत फिरत होती आणि इकडं शहर मात्र चहू अंगांनी सुजत होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज चुन्याच्या रेषा मारलेले प्लॉट, त्यावर ‘चोवीस तास पाणी’ असा बोर्ड. तो बोर्ड वाचून मला रोज संताप यायचा. माझ्या घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं.

गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डबे तपासणं हे माझं काम. एक दिवस एक ठेकेदारीवरचा कामगार डबा उघडून तसाच उभा राहिला. त्याचं डब्याकडं लक्ष नव्हतं, माझ्या पट्ट्याच्या बकलाकडं होतं. पलटणीचा बिल्ला होता त्यावर, जुनी सवय म्हणून मी अजून लावायचो.

“साहेब,” तो म्हणाला, “ह्या पलटणीत माझा भाऊ व्हता. धाकला.”

नाव ऐकलं आणि मी त्याला रांगेतून बाजूला घेतलं. त्याचा भाऊ पलटणीत माझ्याच कंपनीतला. पाचोडच्या अलीकडं रस्त्यापासून आत असलेल्या गावातलं मेंढपाळाचं पोर, लग्नाआधीच गेलेलं. डोंगरातल्या एका चौकीवर तोफगोळा पडला त्यात. मी तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर होतो. परत गेलो तोवर त्याची पेटी गावाला पोचलीही होती.

त्याच काळात पलटणीतल्या आमच्या कंपनीच्या लोकांनी फोनवर ग्रुप केला होता. पहिले काही महिने त्यात सकाळची फुलं आणि नेत्यांची भाषणं याशिवाय काही आलं नाही. मी दोनदा बाहेर पडलो, दोनदा मला परत ओढलं. पण हळूहळू माणसं सापडत गेली. एक फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावायचा, एक बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचा, एकानं शेत विकून रसवंती टाकली होती आणि ऊसच मिळेना म्हणून ती बंद करून बसला होता. सगळ्यांची पोटं सुटली होती. भेटलो की आधी एकमेकांच्या पोटांवर बोलायचो, मग गेलेल्यांवर. असंच एकदा ठरलं की आपल्या या पोराच्या गावात, शाळेजवळ, दगड बसवायचा. त्यावर त्याचं नाव, पलटणीचं नाव. कुणा पुढाऱ्याला बोलवायचं नाही, यावर मी अडून बसलो आणि पहिल्यांदाच माझं सगळ्यांनी ऐकलं.

थोरल्या भावाला सांगितलं तर तो खुश व्हायच्या ऐवजी जमिनीकडं बघू लागला. “दगड बसवा साहेब. पण आधी मायला इचारा. ती नाय म्हनंल.”

“का म्हणून?”

तेव्हा त्यानं घरातली गोष्ट सांगितली. त्यांच्याकडं लढाईत पडलेल्या पुरुषाला वीर मानतात. त्याचा चांदीचा टाक घडवतात, म्हणजे पातळ पत्र्यावर ठोकलेली छोटी मूर्ती, आणि ती देव्हाऱ्यात पूर्वजांच्या शेजारी बसवतात. धुळवडीला घरातला एक गडी फेटा बांधून तो टाक हातात घेतो, हलगीवर नाचत गावभर मिरवतो, मग टाकाला आंघोळ घालून परत देवात ठेवतात. त्यांच्या घरात पणजोबाच्या भावाचा वीर आहे. पण सख्ख्या भावाचा टाक आईनं कधी घडवू दिला नव्हता. टाक घडला म्हणजे माणूस मेला. आणि आई म्हणत होती की तो मेल्याचं तिनं बघितलेलं नाही.

मी गावी गेलो. हायवे चौपदरी होत होता, दोन्ही अंगांची कडुलिंबं तोडून आडवी घातलेली. गावात मात्र आडाच्या कडेला रिकाम्या हंड्यांची ओळ आणि ओळीच्या टोकाला सावलीत बसलेल्या बाया, टँकरची वाट बघत. म्हातारी घराच्या ओट्यावर लोकर पिंजत होती. मेंढरं विकून टाकलेली, पण हात थांबत नव्हता. मी पाया पडलो, पलटणीचं नाव सांगितलं, दगडाचं सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“कुनाचा दगड?” तिनं विचारलं.

“तुमच्या मुलाचा, आई.”

“त्याचं तोंड बघितलं का तुमी?”

मी नाही म्हणालो. सुट्टीवर होतो म्हणालो.

“मी बी नाय. पेटी आली, वर झेंडा. मी म्हनलं उघडा. तुमच्यातला एक मोठा सायेब म्हनला, उघडू नका. गावचे बी म्हनले, नको. मला घरात नेऊन बसवलं अन पेटी जाळून आले. आमच्यात मेंढरू लांडग्यानं नेलं तरी गडी त्याचा कान आनून दावतो मालकाला. कानावरची खूण बघून मालक म्हनतो, व्हय, माझंच व्हतं. तुमी मला काय दावलं? फळ्या.”

 खरं सांगतो, मला राग आला. तिचा नाही, त्या मोठ्या साहेबाचा. उघडू नका म्हणणं सोपं असतं, गाडी वळवून जाता येतं.

उठताना तिनं एवढंच सांगितलं. ज्यानं त्याला तिथं बघितलं असेल, हात लावला असेल, त्याला आणा. त्यानं माझ्यासमोर सांगितलं तर मी मानीन. मग दगड बसवा, टाक घडवा, काय वाटेल ते करा.

त्याला हात लावलेला माणूस आम्हाला माहीत होता. चौकीवरून त्याला खाली आणणाऱ्यांतला एकच आता जिवंत होता, आणि नेमका तोच आमच्या ग्रुपमध्ये नव्हता. कुणाचे फोन घ्यायचा नाही. नोकरी मुदतीआधी सोडलेली, बायको माहेरी गेलेली, कुणी म्हणायचं पुण्याला आहे, कुणी म्हणायचं पितो. शेवटी रसवंतीवाल्यानं त्याला ओळखलं, तेही स्वतःच्या गावात पाण्यासाठी भांडताना. तो टँकर चालवत होता.

पैठणच्या वाटेवर टँकर भरतात तिथं मी त्याला गाठलं. टँकरांची रांग लागली होती आणि तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. मला बघून तो खाली उतरला, सवयीनं टाचा जुळवल्या आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखा हात झटकला.

“मला माहीत हाय तुमी कशाला आला. नाय येनार मी.”

मी म्हातारीचं सगळं सांगितलं. लांडग्याचं, कानाचं. तो ऐकत राहिला. मागचा टँकरवाला हॉर्न वाजवत होता.

“तोंड बघितलं का म्हनती?” तो म्हणाला. “साहेब, तोंड नव्हतंच. छातीच्या वर काय बी नव्हतं. हे सांगू तिला? एका आईला?”

 काय बोलायचं ते तुझं तू ठरव, पण चल, एवढंच म्हणालो. तो नाही म्हणाला. पुढच्या आठवड्यातही नाही म्हणाला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं विचारलं, म्हातारी अजून चालती-फिरती आहे का. आहे म्हणालो. “मग जाऊ,” तो म्हणाला. “हिंडून फिरून तोच इषय डोक्यात येतोय.”

आम्ही दोघं आणि थोरला भाऊ असे तिघं त्या ओट्यावर बसलो. म्हातारीनं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. त्या गावात त्या दिवसांत पाहुण्याला पाणी देणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यानंच ते प्यावं. ड्रायव्हरनं घोटभर घेतलं आणि तांब्या माझ्याकडं सरकवला.

“तू बघितलंस त्याला?” तिनं विचारलं.

“व्हय माय. मीच खाली आनलं.”

“कसा व्हता?”

“झोपल्यावानी,” तो म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

“डोळे मिटलेले?”

“मिटलेले.”

“दाढी वाढली व्हती का?”

“थोडी. डोंगरात कोन करतंय रोज.”

 “त्याला दाढी येत नव्हती रं,” म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “हनुवटीवर चार केसं. सुट्टीला आला की मी हसायची त्याला. तू बी खोटं बोलाया आलास. जा बाबा. पानी पिऊन जा.”

ती उठायला लागली. थोरल्या भावानं डोळ्यांनी मला काहीतरी करा म्हणून विनवलं. मी काय करणार? मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

ड्रायव्हर उठला नाही. खाली बघून तो बोलायला लागला. “माय, खरं ऐक. तोंड नव्हतं. डोकं नव्हतं. इथनं वर काय बी नव्हतं.” त्यानं छातीवर हात आडवा धरला. “म्हनून पेटी उघडू दिली नाय. पन त्योच व्हता. शर्ट फाटला व्हता अन पोट उघडं व्हतं. पोटावर बिब्ब्याचे डाग व्हते. बेंबीच्या वर, तीन, एका वळीत. आंघोळीला बसलो की आमी त्याला चिडवायचो, आईनं शिक्का मारून पाठवलाय म्हनून. त्यातला कडंचा लांबडा व्हता, ओघळल्यावानी. त्याच्यावरनं वळखला मी. मी हात लावून बघितला, माय.”

मला ते डाग लख्ख आठवले. मीही त्या चिडवणाऱ्यांत होतो. आम्ही सगळे तोंडाच्या मागं लागलो होतो. म्हातारी तोंड विचारत होती, आम्ही तोंड शोधत होतो, आणि ही खूण कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. लहानपणी पोट फुगलं, पोर रडायचं थांबेना की तापलेल्या बिब्ब्याचा चटका द्यायचा, ही आमच्या मुलखातली जुनी खोड. दवाखान्यात नेलं की डॉक्टर आईला झाडतात, म्हणून आया ते कुणाला सांगत नाहीत.

म्हातारी परत खाली बसली. तिनं लोकरीचा पुंजका हातात घेतला.

“त्यो हालला व्हता,” ती म्हणाली. “कडंच्याला. शेजारची म्हातारी चटका देत व्हती अन मी पाय धरले व्हते. मी घट धरले व्हते रं, पन त्यो हालला. ती म्हातारी गेली. ह्याच्या बापाला बी म्या सांगितलं नव्हतं.”

थोरला भाऊ तिच्याकडं बघतच राहिला. त्यालाही हे माहीत नव्हतं. तिनं ड्रायव्हरचा हात ओढून घेतला, ज्या हातानं त्यानं ते पोट चाचपलं होतं तो, आणि आपल्या कपाळाला लावला. ड्रायव्हर लहान पोरासारखा रडत होता. नंतर तिनं हंबरडा फोडला. मी लढाईत बरंच काही ऐकलं आहे, पण तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही आणि परत ऐकायची माझी तयारी नाही. इतकी वर्षं पलटणीच्या भाषेत तिला आम्ही वीरमाता म्हणत आलो होतो. ती खरी त्या मुलाला मुकली ती त्या दुपारी, आमच्यासमोर.

आडावरच्या बाया हंडे टाकून धावत आल्या. ओट्याखाली गर्दी झाली. एक तरणी सून, पेटी आली त्या साली ती या गावात नांदायलाही आलेली नसावी, पुढं झाली आणि घाबरून थोरल्या भावाला विचारू लागली, “काय झालं वं? कोन गेलं?”

“भाऊ,” तो म्हणाला.

“अगं बाई! कधी?”

 म्हातारीनंच तोंडावरचा पदर बाजूला केला आणि ती म्हणाली, “आत्ता गेला, बाई. आत्ता.”

कुणीही तिला समजावलं नाही. बाया पायऱ्या चढून वर आल्या, तिच्याभोवती बसल्या आणि मयताच्या घरी रडतात तशा तिच्यासोबत रडू लागल्या.