संशयी कांबळे आणि पिना मारायची गन

मला गंडवणारा माणूस भिवंडीत अजून जन्माला यायचाय! खोदून विचारलंत तर सांगतो, तो कल्याणला जन्मला. टेपरेकॉर्डरच्या खोक्यात वीट भरून त्याने मला विकली, आणि धक्का लागून काही बिघडू नये म्हणून मी ती वाटेतल्या कोन गावापर्यंत मांडीवर घेऊन आलो!

किस्से असे साचत जातात. लूमखाली, म्हणजे यंत्रमागाखाली, सुताचा भुगा साचतो ना, तसे. संध्याकाळी झाडा, सकाळी परत हजर. मी जन्मभर जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम चालू करून देणारा. शाळा मी सोडली का शाळेने मला, यावर घरात अजून वाद आहे. माझा दोस्त कांबळे दवाखान्यात कंपाउंडर. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या गॅलरीत सुतारकाम करायचो. पेट्यांच्या फळ्या आणि मोडक्या लूमचं लाकूड, त्यातून पाट, स्टूल, मांडणी.

कांबळे म्हणजे संशयाचा पुतळा. पाव घेतला तर दाबून बघणार, दूध घेतलं तर बोट बुडवून. आणि जोडीला माझ्यासारखा टवाळ. मग काय, संशयाला रोज खतपाणी!

*

सगळी सुरुवात झाली खुर्चीपासून. शालिनीवहिनी, म्हणजे कांबळ्याची बायको, घरी ब्लाउज शिवायच्या. दिवसभर लाकडी स्टुलावर बसून कंबर धरायची. कांबळ्याने गादीची खुर्ची केली. फोम टाकला, वर रेक्झिन ताणलं आणि हातोडीने खिळे ठोकले.

वहिनी बसल्या आणि उठल्या. रेक्झिन खुर्चीवरच राहिलं, पण साडीचा तुकडाही तिथेच राहिला!

वहिनी म्हणाल्या, "आता एकच संधी. पुढची खुर्ची बिघडली तर बाजारातून प्लास्टिकची आणीन, आणि तुमची ही सगळी हत्यारं भंगारवाल्याला!"

कांबळ्याचा चेहरा पडला. त्यातला रंधा त्याच्या बापाचा होता. मी म्हटलं, "घाबरू नको. सोफेवाले खिळे मारत नाहीत, गनने पिना मारतात. आपण गन घेऊ."

"गन? लायसन लागेल का?" कांबळ्याने विचारलं.

"लागेल ना! पोलीस ठाण्यात अर्ज दे."

गेला नाही, पण शर्ट मात्र बदलला होता!

*

हार्डवेअरवाले इक्बालभाई. त्यांनी तीन नमुने काउंटरवर मांडले. एक हाताने दाबायची, एक विजेची, आणि एक हवेवर चालणारी.

"हवावाली लो," इक्बालभाई म्हणाले. "एकदम मख्खन."

"और हवा?" कांबळ्याने डोळे बारीक केले.

मी हळूच कानात सांगितलं, "पंक्चरवाला महिन्याच्या बोलीवर देतो. आधी नाव लावावं लागतं."

आणि हा बाबा खरोखर पंक्चरवाल्याकडे गेला! पंक्चरवाल्याने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "ले जाओ ना कंपाउंडरसाब! थैली लाये हो?"

*

मग हाताने दाबायची गन दोन दिवस वापरून बघायला आणली. कांबळे ती दाबायचा तेव्हा दात पण दाबायचा. संध्याकाळपर्यंत फळीवर पिनांची रांग लागली आणि याचा पंजा कामातून गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अकलोलीकडची एक म्हातारी इंजेक्शनला आलेली. कांबळ्याने सुई उचलली तर हात लटलट कापतोय! म्हातारीने एकदा सुईकडे बघितलं, एकदा हाताकडे आणि पदर सावरून उठली.

"मी उद्या येते बाबा. आज तुजी उतरलेली न्हाय!"

हाताची गन त्याच दिवशी परत गेली.

*

राहिली विजेची. कांबळ्याने ती औषधाची बाटली तपासावी तशी तपासली. उलटी केली, हलवली, कानाला लावली. मग नाकाजवळ नेऊन म्हणाला, "इक्बालभाई, ही वापरलेली आहे. नव्या मशीनला ग्रीसचा वास येतो, हिला खोबरेल तेलाचा येतोय!"

इक्बालभाईंनी शांतपणे आपलं डोकं मागे घेतलं. "अब सूंघो!"

वास गेला होता.

तरी पठ्ठ्याचा संशय जाईना. "पिना संपल्या तर?"

"मेरे पास मिलेगी."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मियाँ," इक्बालभाई म्हणाले, "मशीन की गारंटी दूँ या मेरी?"

*

शेवटी एका शुक्रवारी गन विकत घेतली. दुकानातच सागाच्या फळीवर चालवून बघितली. खट्टाक! पिन आत, वर नुसती रेघ. कांबळे आयुष्यात पहिल्यांदा खूश होऊन दुकानातून बाहेर पडला.

शनिवारी घरी चालवली, तर पिन अर्धी आत आणि अर्धी बाहेर! जशी भुकेली कोंबडी चोच वर करून बसलेली.

"माल बदलला!" कांबळे ओरडला. "दाखवली एक, बांधून दिली दुसरी!"

तसेच दुकानात गेलो. तिथे लावली तरी पिन अर्धी. इक्बालभाईंना घाम फुटला. "कल तो चल रही थी! तुमने खोली क्या?"

"मी नाही उघडली!"

आणि मग दोघांनीही हळूच माझ्याकडे बघितलं.

अहो, जन्मभर मी लोकांच्या चपला बदलल्या, चहात मीठ टाकलं, छत्रीत कुरमुरे भरले. पण त्या दिवशी मी खरोखर काही केलं नव्हतं! शपथा घेतल्या, सगळ्या देवांची नावं घेतली. इक्बालभाई म्हणाले, "इतनी कसम खा रहा है, मतलब यही है!"

त्यांनी दुसरी गन दिली. तिचंही तेच. पुढच्या शुक्रवारी कांबळ्याने वैतागून चालवली, तर खट्टाक! पिन आरपार!

"म्हणजे सगळी भिवंडी शुक्रवारी सुट्टी घेते," मी म्हटलं, "आणि ही बया शुक्रवारीच कामावर येते!"

वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बल्बकडे बघा. लूम चालू असतात तेव्हा हा पेंगतो. आज लूम बंद, म्हणून कसा टक्क जागा आहे! तुमची गन याच तारेवर ना?"

लूममध्ये केस पांढरे झालेला जॉबर मी! त्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचलं.

*

मग दर शुक्रवारी काम चालायचं. सांगाडा झाला, फोम बसला, मरून रंगाचं रेक्झिन ताणून मारलं. एकही पिन वर नाही. कांबळ्याने गादीवरून तळहात फिरवला, मग गाल फिरवला. मी सुरकुती शोधत होतो, चिडवायला. सापडली नाही!

वहिनींना बोलावलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, खाली काही ठेवलंय का?"

"काही नाही वहिनी!"

"मग आधी तुम्ही बसा."

मी बसलो. मग कांबळे बसला. मग वहिनींनी सांडलेल्या सुया उचलायचं लोहचुंबक गादीवरून फिरवलं. काही चिकटलं नाही. तेव्हा कुठे बसल्या.

गादी दबली आणि वहिनींनी डोळे मिटले. "बरं वाटतंय हो!" कांबळ्याने हत्यारांची पेटी हळूच पायाने खाटेखाली सारली. आम्ही एकमेकांकडे बघून मिशीत हसलो.

वहिनींनी खुर्ची शिलाई मशीनपुढे ओढली, पायडल मारायला पाय आत घातले आणि दोन्ही गुडघे वरच्या फळीला आपटले. ठण्ण!

मागे सरकल्या, तर पाय पोचेनात. पुढे आल्या, की गुडघे फळीला! खुर्ची चांगली वीतभर उंच झाली होती. वहिनी उठल्या, जुनं स्टूल ओढलं आणि त्यावर जाऊन बसल्या.

कांबळे खुर्चीकडे बघतोय, मी कांबळ्याकडे. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "वहिनी, काही म्हणा, पण गन आम्ही पारखून आणली! अख्खी भिवंडी पालथी घातली."

वहिनींनी गळ्यातली मापाची टेप काढली आणि कांबळ्याच्या गळ्यात घातली.

"गिऱ्हाईक दारात आलं की मी आधी ही काढते, भाऊजी. तुम्ही गन हुंगलीत, हलवलीत, कानाला लावलीत. खुर्चीत बसणारी बाई समोरच बसली होती. तिचं माप कुणी घेतलंत?"