दोन चार्जर आणि ताटावरून उठलेले पावणे

समस्त करवीरकरांना आणि कोकणात उतरणाऱ्या तमाम वाहनधारकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घराण्याच्या इतिहासातला सर्वांत बिकट निर्णय एका रविवारी भरदुपारी, मटणाचं दुसरं पातेलं चुलीवर असताना घेण्यात आला. तो जमिनीचा नव्हता, सोयरिकीचा नव्हता. तो सॉफ्टवेअरचा होता. विकत आणायचं की घरी करायचं?

गगनबावड्याच्या रस्त्याला आमची खानावळ आहे. थोरला भाऊ गल्ल्यावर बसतो आणि मी पावण्यांशी बोलतो. ही वाटणी वडिलांनीच करून ठेवली होती, आणि त्यांना माणसांची पारख होती. गेल्या वर्षी आम्ही दारात विजेच्या गाड्यांसाठी दोन चार्जर बसवले. गाडीला तासभर लागतो, मटण खाणाऱ्या माणसालाही तासभर लागतो, तेव्हा हा योग देवानंच जुळवलाय असं मी गावभर सांगत सुटलो. पण नुसता चार्जर उभा करून भागत नाही. कुणाची गाडी कधी लागली, किती वीज गेली, पैसे आले का, पुढचा नंबर कुणाचा, हे सगळं बघायला सॉफ्टवेअर लागतं. पुण्याची एक कंपनी ते तयार द्यायला बसली होती. आणि दुसरीकडे घरातच दादाची पोरगी होती.

ती पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून ती घरी आली आणि माडीवरच्या खोलीत बसून तिनं आमच्या चार्जरचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं. आता रजा संपत आली होती. परत येणार की नाही, हे तिला सोमवारी सकाळी पुण्याला कळवायचं होतं. तिनं बापाला सरळ सांगितलं होतं. माझं घेतलंत तर मी इथं राहीन, आजरा, चंदगडपर्यंतच्या हॉटेलवाल्यांना हेच देईन. कंपनीचं घेतलंत तर सोमवारच्या पहिल्या गाडीनं जाईन, आणि राग धरणार नाही. ते शेवटचं वाक्य दादाला फार लागलं.

दादाला पोरगी नको होती असं अजिबात नाही. त्याचा प्रश्न वेगळा होता, आणि तो त्यानं मला पाण्याच्या टाकीमागं नेऊन विचारला.

"पोरगी हुशार हाय, मला म्हाईत हाय की. पन मशीन अडलं तर कंपनी धा मानसं लावंल. हिला ताप आला तर काय करायचं?"

"मी हाय की," मी म्हणालो.

दादानं तळ फुटलेल्या घागरीकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

मग ठरलं ते असं. रविवारी अर्धं कोल्हापूर याच रस्त्यानं कोकणात जातं किंवा कोकणातून येतं. तेव्हा त्या दिवशी डावा चार्जर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालवायचा, उजवा पोरीच्या. संध्याकाळपर्यंत जे टिकेल ते आपलं.

इथं मला एक कबुली दिली पाहिजे. चार्जरच्या बाजारात सगळीकडे एक नियम असतो. गाडी भरली आणि मालकानं ती हलवली नाही, तर मिनिटागणिक दंड. पुतणीनं तो लिहून ठेवला होता. मीच तो काढायला लावला. जेवत्या पावण्याला दंड लावायला आपण खानावळ काढलीय की चावडी, असा माझा सवाल होता. ती म्हणाली, काका, मग गाडी हलवणार कोण? मी म्हणालो, माणसाला लाज असते, तो आपण होऊन हलवेल. माझ्या शब्दावर तिनं दंड काढला. म्हणजे सोमवारी ती गाडीत बसलीच असती, तर तिकीट मी काढून दिल्यासारखं झालं असतं.

एक वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुतणी कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून उपाशी बसली होती. दादा गल्ल्यावरून दोन्ही पडद्यांवर नजर ठेवून होता. मी मधून फिरत होतो आणि कुणाशीच धड बोलत नव्हतो, हे आमच्या वाढप्याच्याही लक्षात आलं.

दीडच्या सुमाराला डाव्या चार्जरवाले एक गृहस्थ पत्नीसोबत जेवत होते. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडालेला, आणि त्यांचा फोन वाजला. तुमची गाडी भरली आहे, दंड सुरू झाला आहे. त्यांनी वाचलं, तुकडा ताटात ठेवला आणि ते उठले. उष्ट्या हातानं गाडी हलवायला गेले.

आमच्या खानावळीत पावणा ताटावरून उठत नाही. वडिलांच्या काळात एसटीचा कंडक्टर घंटी मारायच्या आधी आत डोकावून बघायचा, कुणाच्या ताटात काही उरलंय का. त्या गृहस्थांचा हात तसाच वर धरलेला पाहून दादा गल्ल्यामागं उभा राहिला. ते परत आले तेव्हा रश्श्यावर तवंग गोठला होता. गरम वाढतो म्हटलं तर नको म्हणाले, दोन घास खाऊन हात धुतले. जाताना त्यांच्या पत्नीनं दादाकडं नुसतं बघितलं.

दादानं लगेच कंपनीला फोन लावला. पलीकडून एका गोड आवाजानं सांगितलं की हा नियम देशभर एकच आहे, एका ठिकाणापुरता बदलता येत नाही, पण आपली सूचना नोंदवून घेतली आहे. सांगायला लाज वाटते, पण मी मनातल्या मनात फेटा उडवत होतो.

माझा फेटा दहा मिनिटं हवेत राहिला.

उजव्या चार्जरवर आजऱ्याकडचे एक निवृत्त मास्तर होते. गाडी केव्हाच भरली होती. दंड नव्हता, त्यामुळे मास्तर डोळे मिटून जेवत होते. त्यांच्या मागं एक माणूस अर्धा तास नंबर लावून उभा होता, गाडीत म्हातारी आई. डाव्या चार्जरवरही तोवर कंपनीच्या ॲपवर आधी नंबर लावलेली दुसरी गाडी लागली होती. शेवटी तो आत आला आणि दारातूनच त्यानं विचारलं, "ह्ये ॲप कुनी बनवलंय?"

दादानं तोंड उघडलं. तो कंपनीवर ढकलणार होता, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. त्याआधी पुतणी उठली.

"मी."

त्यानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग त्यानं सुनावायला सुरुवात केली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलाय, अंधाराच्या आत घाट उतरायचाय, आई ताटकळलीय, आणि फोनवर नुसतं ‘प्रतीक्षा करा’ येतंय. "माझा नंबर कवा येनार, ह्ये तुझ्या ॲपला तरी म्हाईत हाय का?"

"न्हाय," ती म्हणाली. सारवासारव केली नाही. "दहा मिनिटं द्या."

"दिली. अकराव्या मिन्टाला मी ह्या हाटेलाचं नाव सगळीकडं खराब करतो."

मी दादाकडं बघितलं नाही. बघवलंच नसतं.

मला वाटलं ती लॅपटॉपकडं धावेल. ती गेली वाढप्याकडं. त्याला विचारलं, जेवणारा माणूस आता उठणार हे तुम्हाला कसं कळतं? वीस वर्षं आमच्याकडं वाढणाऱ्या त्या माणसाला हा प्रश्नच कळेना. भाकरीवर आहे तोवर काही सांगता येत नाही, तो म्हणाला, कुणी दोन खाईल, कुणी पाच. पण एकदा भात मागितला, की पांढरा रस्सा ओतायचा, आणि पाव तासात माणूस हात धुतो. ह्यात विचारायचं काय?

ती कोपऱ्यात बसली आणि लिहू लागली. मी तिच्या मागं उभा राहिलो. जरा वेळानं मानेला मागून कुणाचा तरी श्वास लागला म्हणून वळून बघतो तर दादा. रविवारी दुपारी गल्ला सोडलेला दादा मी त्याआधी पाहिला नव्हता. पडद्यावर दोनदा लाल अक्षरं आली, दोनदा तिनं खोडलं. दारातला माणूस मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होता आणि ते आम्हाला दिसावं अशा बेतानं बघत होता.

नवव्या मिनिटाला गल्ल्यावरच्या उजव्या पडद्यावर ‘भात’ असं एक नवं बटण उमटलं. तेवढ्यात मास्तरांनी डोळे उघडून काहीतरी म्हटलं आणि वाढप्यानं आतल्या बाजूला हाळी दिली, "भात!" दादा चपळाईनं गल्ल्यावर गेला आणि त्यानं स्वतःच्या बोटानं ते बटण दाबलं.

दारातल्या माणसाचा फोन वाजला. ‘तुमच्या पुढचे पावणे भातावर आले आहेत. अंदाजे पंधरा मिनिटं.’

त्यानं वाचलं. परत वाचलं. मास्तरांच्या ताटाकडं बघून खातरजमा केली. मग तो बाहेर गेला, आईला हाताला धरून आत घेऊन आला आणि दोघांना दोन ताटं सांगितली.

चौदाव्या मिनिटाला मास्तरांनी हात धुतले, बडीशेप घेतली आणि सगळे आपल्याकडंच का बघतायत असं मला विचारलं. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. परत आलो तर दादाच्या कानाला फोन होता. कंपनीचा विक्रीवाला होता. उद्या कागद पाठवू का म्हणत होता.

दादा ऐकत होता. फोनमधला आवाज इतका मोठा होता की आम्हालाही सगळं ऐकू येत होतं. नकाशे, अहवाल, बारा भाषा, अडचण आली तर तत्पर दहा माणसं. दहा माणसं म्हटल्यावर दादानं क्षणभर डोळे मिटले. तापाच्या प्रश्नाला तेव्हाही आमच्यात कुणाकडं उत्तर नव्हतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. कोपऱ्यात पुतणीची बोटं लॅपटॉपवर थांबली होती. तिनं मान वर केली नाही.

आवाज म्हणाला, मग नक्की करू ना, सर?

दादानं डोळे उघडले आणि अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ द्या ओ पावणं, तुमच्यात भात हाय का?"